चुकीला गुळाचा खडा

भैणजींवर माझा राग आहे. इतकी वर्षं झाली, तरी आहे. मी भांडकुदळ बाई आहे हे चंदीगडच्या आमच्या सेक्टरात भाजीवाल्यापासून फुलांच्या प्रदर्शनाच्या परीक्षकांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं, आणि मी ते कधी लपवलंही नाही. पण ज्यांच्याशी भांडले त्यांच्याशी शेवटी काहीतरी ठरायचंच. थोडं ते सोडायचे, थोडं मी. भैणजींनी मला काहीच सोडू दिलं नाही.

त्यांचं नाव हरभजन कौर. सरकारी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. पंजाबात शाळेतल्या बाईंना भैणजी म्हणतात. निवृत्तीनंतरही त्या अख्ख्या सेक्टराच्या भैणजीच राहिल्या. नवरा कधीच गेलेला, मूल नाही, एक धाकटा भाऊ पिंजौरला कारखान्यात. उंच, हाडकुळ्या, पांढरी ओढणी सतत खांद्यावरून घसरलेली, आणि नखांत कायम माती नाहीतर मशीनचं तेल.

मी तासगावकडची. माझे वडील शेवंती लावायचे आणि टोपल्या भरून बाजारात वजनावर विकायचे. लग्नानंतर नवऱ्याच्या केंद्र सरकारी नोकरीमागे फिरत फिरत चंदीगडला आले तेव्हा पाहिलं, की इथले लोक त्याच शेवंतीला गुलदाऊदी म्हणतात आणि एका कुंडीत एकच फूल वाढवतात. नारळाएवढं. डिसेंबरात त्यांचं प्रदर्शन भरतं, बंगलेवाले आपापले माळी घेऊन येतात आणि एका पाकळीवरून वर्षभराची दुष्मनी करतात. मला तो धंदा पहिल्याच हिवाळ्यात कळला. क्वार्टरच्या मागे डालड्याच्या डब्यांत सुरुवात केली, आणि चार वर्षांत मार्केटच्या मागे माझी नर्सरी उभी राहिली. ती मी कुणाच्या मदतीने उभी केली नाही.

प्रदर्शनाचं फूल वाढवायची रीत अशी, की चांगल्या झाडाचीच फांदी कापून लावायची, म्हणजे नवं झाड हुबेहूब तसंच येतं. मग बाजूला येणारी प्रत्येक कळी नखाने खुडून टाकायची. सगळा जोर एकाच फुलात गेला पाहिजे. मी रोज सकाळी खुडायचे. फूल जरा तिरकं वाटलं की मोजपट्टी लावायचे, आणि खरंच तिरकं निघालं तर कुंडी सरळ उकिरड्यावर.

त्या उकिरड्यावरच भैणजी मला पहिल्यांदा भेटल्या. ओणव्या होऊन मी टाकलेली रोपं निवडत होत्या. मी ओरडले. त्यांनी शांतपणे विचारलं, ही फेकलेलीच आहेत ना?

"फेंके हैं," मी म्हटलं, "मगर मेरे हैं."

त्या इतक्या हसल्या की खाली बसल्या. मग सौदा झाला. माझी टाकाऊ रोपं त्यांनी न्यायची, बदल्यात त्यांच्या अंगणात पडणारा सगळा पालापाचोळा कुजवून त्याचं खत मला द्यायचं. पानांच्या खताशिवाय गुलदाऊदी होत नाही. कचरा देऊन खत मिळवलं म्हणून मी त्या दिवशी खूश होते. त्याही खूश दिसल्या, तेव्हा जरा शंका आली.

त्यांचं अंगण बघून माझं डोकं दुखायचं. एक कुंडी दुसरीसारखी नाही. कुठे पिवळ्याच्या बुंध्यावर जांभळ्याचं कलम बांधलेलं, कुठे एक झाड मुद्दाम कपाटामागच्या अंधारात ठेवलेलं. ओट्यावर एक जाड वही असायची. तीत त्या रोज काहीतरी अंदाज लिहायच्या. हे फूल दिवाळीआधी उमलेल. हिला चहाचं पाणी घातलं तर पानं गडद होतील. अंदाज बरोबर आला की नुसती खूण, आणि चुकला की डब्यातला गुळाचा एक खडा तोंडात टाकायचा.

मी म्हटलं, उलटं आहे हे. बक्षीस बरोबर आल्याचं असतं.

"सही निकला तो नया क्या पता चला, पुत्तर?" त्या गूळ चघळत म्हणाल्या. "वो तो मैं पहले से जानती थी."

शाळेतही त्यांनी हाच उद्योग केला होता. उत्तर चुकलं, पण चूक मजेशीर असली, तर पोराला गूळ. म्हणे एकदा एका मुलाने भागाकार असा काही चुकवला की सगळ्या वर्गाने मिळून दोन दिवस शोधलं, तो तिथे पोचला कसा. मुख्याध्यापिकेने शेवटी गुळावर बंदी घातली, पण कारण मुंग्यांचं दिलं.

साठीच्या आसपास त्या सायकल शिकल्या. पंजाबातल्या दहशतवादाच्या त्या वर्षांत स्कूटरवर मागे माणूस बसवायला मधूनमधून बंदी असायची, कारण अतिरेकी तसे येऊन गोळ्या घालून जायचे. त्यामुळे भैणजींना बाजारात नेणारं कुणी उरलं नाही. त्यांनी भावाची जुनी सायकल मागवली आणि रोज सकाळी पार्काभोवती पडायला सुरुवात केली. पार्काच्या तोंडाशी वाळूच्या पोत्यांमागे दोन जवान बंदूक घेऊन उभे असायचे. ते आधी हसले, मग मोजायला लागले. भैणजी कपडे झटकत त्यांना सांगायच्या, आज पाच वेळा पडले, काल सहा वेळा, तरक्की आहे. एका सकाळी त्या एकदाही न पडता फेरी पूर्ण करून आल्या तेव्हा त्यातला एक जवान त्यांना म्हणाला, माताजी, आता काय बघायचं आम्ही?

माझी मुलगी वर्षा तेव्हा दहा वर्षांची. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत. हुशार होती, तरी गणितात मार्क नाहीत. एका संध्याकाळी भैणजींनी तिची वही चाळली आणि मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, हिची उत्तरं चुकलेली नाहीत, हिने लिहिलेलीच नाहीत. जिथे पक्कं माहीत नाही तिथे जागा कोरी. दहा वर्षांच्या मुलीला चुकायची इतकी भीती कुठून आली?

कुठून ते मला माहीत होतं. खाडाखोड दिसली की मी पान फाडून पुन्हा लिहायला लावायचे. मी भैणजींना म्हटलं, तुम्ही तुमचं अंगण बघा. आठ दिवस बोलले नाही. नवव्या दिवशी वर्षाला स्वतः त्यांच्याकडे सोडून आले.

त्यांनी तिला गणित शिकवलं असं मला कधी दिसलं नाही. दोघी गजराचं घड्याळ उघडून बसलेल्या असायच्या, नाहीतर गळका नळ, नाहीतर बिघडलेला ट्रान्झिस्टर. उघडण्याआधी आत काय असेल त्याचं चित्र काढायचं, मग उघडून ताडून बघायचं, आणि चुकलं की गूळ. सहा महिन्यांत वर्षाच्या वहीत कोरी जागा राहिली नाही. अर्धी उत्तरं चूक असायची. मी दात खाऊन गप्प बसले, कारण पोरगी जेवताना बोलायला लागली होती.

त्या घड्याळांपायी एकदा मोठंच संकट आलं. कुठेतरी काही घडलं की सेक्टरात झडत्या व्हायच्या, आणि एकट्या शीख बाईचं घर त्यात पहिलं. पोलीस आत गेले तर टेबलावर तारा, स्प्रिंगा, सेल, दोन उघडी घड्याळं. इन्स्पेक्टरने विचारलं, हे काय आहे?

"पता नहीं जी," भैणजी म्हणाल्या, "इसी लिए तो खोला है."

वर्षा धावत मला बोलवायला आली. मी पोचले तेव्हा त्यांना जीपकडे नेत होते. मग मी माझं काम केलं. आधी ओरडले, मग रडले, मग इन्स्पेक्टरच्या साहेबाच्या घरी कुंड्या कुठून जातात ते सांगितलं, मग शेजारच्या चार बायका उभ्या केल्या, आणि शेवटी गजराचं घड्याळ त्याच्या समोर जोडून वाजवून दाखवायचं असं ठरवून घेतलं. वर्षाने ते जोडलं. एक चाक शिल्लक राहिलं, तरी वाजलं. इन्स्पेक्टर निघून गेला, तर भैणजी ते उरलेलं चाक हातात घेऊन म्हणतात, बघ, याच्याशिवायही चालतं, मग हे आत करत काय होतं?

मी त्यांना तिथेच झापलं. हे दिवस असली पोरकट चौकशी करायचे नाहीत. बसमध्ये पाट्या लागल्या आहेत, रेडिओवर रोज सांगतात, बेवारस वस्तूला हात लावू नका. त्यांनी ऐकलं. सगळं सामान ट्रंकेत गेलं, पंधरा दिवसांनी परत बाहेर आलं. पण तेव्हापासून त्या शिकवायला बसण्याआधी वर्षाकडून म्हणून घ्यायच्या, की बाहेर पडलेलं काही उचलायचं नाही. हे मला पुढे कळलं. तेव्हा माहीत नव्हतं.

त्याच डिसेंबरात प्रदर्शनात मला लागोपाठ तिसऱ्यांदा दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकाने एका पाकळीवर पेन्सिल ठेवून दाखवलं, इथे जरा दबलं आहे. मी सगळ्यांसमोर ते फूल देठापासून मोडून टाकलं. भैणजी माझ्याबरोबर चालत परत आल्या, आणि समजूत घालायच्याऐवजी विचारू लागल्या, या जातीची दुसरी कुंडी आहे का? तिचं फूल कापू नकोस, वाळू दे, बी धरतं का बघू.

गुलदाऊदीचं बी कुणी लावत नाही. फांदी लावली की आईसारखं झाड येतं. बी लावलं तर काय येईल, कसलं येईल, काही भरवसा नाही. मी हे त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणूनच. फेब्रुवारीत चिमूटभर बी निघालं. माझ्याच नर्सरीत, एका फुटक्या ट्रेमध्ये आम्ही तिघींनी ते पेरलं. वर्षाने वहीत अंदाज लिहिले. मलाही लिहायला लावला. मी लिहिलं: सगळी फेकायच्या लायकीची निघतील. भैणजींनी खाली माझी सही घेतली.

रोज सकाळी कळ्या खुडण्याआधी मी त्या ट्रेपाशी जायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या झाडाकडे त्यात काय वाईट आहे ते न शोधता बघत होते. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

मे महिन्यात, दुपारच्या वेळी, पार्काच्या मागच्या बाकावर कुणीतरी ठेवलेला एक छोटा ट्रान्झिस्टर वर्षाने उचलला.

पोलीस म्हणाले, आतला बॉम्ब पुरता फुटला नाही म्हणून मुलगी वाचली. डाव्या हाताची तीन बोटं गेली, आणि त्या बाजूचा कान. हॉस्पिटलच्या वऱ्हांड्यात माझ्या साडीवर तिचं रक्त होतं. भैणजी जिन्यातून वर आल्या. सायकलवरून आल्या होत्या, धापा टाकत होत्या, एका हातात दुधाचा थर्मास. त्यांनी विचारलं, कशी आहे?

"सिखाया ना आपने, खोल के देखो?" मी म्हणाले. "देख लिया अब?"

मोठ्याने नाही म्हणाले. माझं ओरडणं कुणी मनावर घेत नाही, त्या तर हसायच्याच. हे मी हळू म्हणाले.

त्यांनी थर्मास बाकावर ठेवला आणि जिना उतरून गेल्या. त्यानंतर दहा-बारा दिवस त्या रोज येऊन खाली फाटकापाशी बसत होत्या, वर आल्या नाहीत. मला नवऱ्याने सांगितलं. तो म्हणाला, जा, बोल त्यांच्याशी. मी म्हटलं, तू मला शिकवू नकोस. एके दिवशी त्या आल्या नाहीत. घराला कुलूप होतं. पिंजौरला भावाकडे गेल्या असं कळलं.

वर्षा हळूहळू बोलायला लागली. एका सकाळी मी तिच्या पट्ट्या बदलताना तिने आपणहून सांगितलं.

"आँधी आ रही थी, मम्मी. किसी का रह गया था, भीग जाता. मैं चौकीदार अंकल को देने जा रही थी."

मी विचारलं, उघडून बघायला नव्हता उचलला? ती म्हणाली, दुसऱ्याची वस्तू कोण उघडतं? आणि मग घाबरून म्हणाली, भैणजींना सांगू नकोस हं, त्यांनी रोज म्हणून घेतलं होतं, बाहेरच्या कशाला हात लावायचा नाही, आणि मी विसरले, त्या रागावतील.

त्याच दिवशी मी पिंजौरची बस धरायला हवी होती. तासाभराचा रस्ता. पण वर्षाचं पुढचं ऑपरेशन होतं, मग पावसाळा, मग मध्ये कर्फ्यू, आणि खरं सांगायचं तर रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जायची मला सवय नव्हती. हातात काहीतरी असल्याशिवाय मी कधी बोलणी केली नाहीत. म्हटलं, बियांची फुलं येऊ देत.

नोव्हेंबरच्या शेवटी ती आली. तीस-पस्तीस झाडं, एकासारखं दुसरं नाही. मी एकही कळी खुडली नव्हती. काही अगदीच मरतुकडी होती, काहींच्या पाकळ्या चमच्यासारख्या वळलेल्या, आणि एक तांबूस, विटकरी रंगाचं, आतून पिवळं, तसलं फूल मी कुठल्याही बंगल्यात पाहिलं नव्हतं. माझा अंदाज चुकला होता, माझ्या सहीसकट. ती कुंडी घेऊन, वर्षाला घेऊन मी पिंजौरला गेले.

भावाचं घर बाजारामागे होतं. भैणजी अंगणात खाटेवर उन्हात बसल्या होत्या, शाल लपेटून. आम्हाला बघून उठल्या, बसा म्हणाल्या, भावजयीला चहा टाकायला सांगितला. अंगण स्वच्छ झाडलेलं होतं. एक कुंडी नव्हती.

मी कुंडी त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, बघा, आपलं बी. त्यांनी बघितलं. छान आहे, म्हणाल्या. कुठल्या झाडाचं, आणखी कसली आली, किती मेली, याला एवढा लाल रंग कुठून आला, काही विचारलं नाही. मी वाट बघत होते. ज्या बाईने जीपकडे जाता जाता इन्स्पेक्टरला विचारलं होतं की ही गाडी दर लिटरला किती चालते, ती नुसती बसून होती.

मग मी बोलले. मी माफी मागत नाही, मला येत नाही, पण मागितली. सांगितलं की मी चूक होते. वर्षाने ते उघडायला उचललं नव्हतं, वादळ येत होतं म्हणून चौकीदाराकडे द्यायला निघाली होती. तुम्ही तिला रोज बजावलं होतं, तीच विसरली. तुमचा यात काही संबंध नाही. वर्षाही म्हणाली, खरंच, भैणजी. मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की तूही सांग. ती ते पाठ केल्यासारखं म्हणाली, आणि मला कळलं की ते तसंच ऐकू गेलं.

भैणजी माझ्याकडे बघून हसल्या. ते हसणं त्यांचं नव्हतं.

"तू सौदा कर रही है, पुत्तर," त्या म्हणाल्या. "मुझे थोड़ा छुड़ाने आई है. तेरा दिल अच्छा है."

मी शपथ घेतली. आवाज चढला. मी म्हटलं, तुम्ही माझ्या मुलीला खोटारडी ठरवता? त्या नाही म्हणाल्या. फार मायेने म्हणाल्या. वर्षाच्या डोक्यावरून हात फिरवावा असं त्यांना वाटलं असेल, पण फिरवला नाही.

"उस दिन तूने जो कहा," त्या म्हणाल्या, "वो जवाब सही था."

आयुष्यभर मला बरोबर ठरायचं होतं. बाजारात, घरात, प्रदर्शनात, परीक्षकासमोर. एकदाच, त्या अंगणात, मला चूक ठरायचं होतं, आणि चुका गोळा करणाऱ्या त्या बाईने नेमकी माझीच चूक घ्यायला नकार दिला. माझा राग आहे तो हा. मी खरं बोलत होते. मी आयुष्यात हजार सौदे केले, पण त्या दिवशी काही कमीजास्त करत नव्हते, आणि माझ्या तोंडाला इतकी वर्षं जी सवय लावली होती तिच्यामुळे ते कुणाला पटण्यासारखं राहिलं नव्हतं.

चहा झाला. त्या आम्हाला बसपर्यंत सोडायला आल्या. रस्त्यात वर्षाने त्यांना विचारलं, सायकल कुठे आहे? त्या म्हणाल्या, भावाने कुणाला तरी दिली. बस आली. गर्दीत वर्षाला खिडकी मिळाली. ती काचेतून आपला डावा हात हलवून निरोप देत होती, उरलेल्या दोन बोटांचा, अगदी सहज. तिला त्याची कधीच लाज नव्हती.

भैणजी खाली उभ्या होत्या. बस हलली, कंडक्टर कुणावर तरी ओरडला, मधे एक ट्रॅक्टर आला आणि गेला. त्या तिथेच होत्या. वर्षाकडे बघत मान हलवत होत्या, पण दोन्ही हात शालीच्या आत होते. वळणापर्यंत मी बघत होते. त्यांनी ते बाहेर काढले नाहीत.